मागची कमान

मिस्त्रीने चांगल्या गाडीचं छप्पर कापलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. उरलेले निम्मे त्या दिवशी घरी नव्हते, त्यांनी दुसऱ्या दिवशी काढलं. गाडी काही साधीसुधी नव्हती. दोन दारांची, लांब नाकाची, मिस्त्रीच्या लग्नाच्याही आधीची. जुन्या गाड्यांचे शौकीन तिच्यासाठी वर्कशॉपच्या दारात खेटे घालून थकले होते, आणि हा कुणाला तिच्यावर हातसुद्धा ठेवू देत नसे. असल्या गाडीला या बाबाने भर दिवसा कटर लावला, पत्र्याचं अख्खं छप्पर उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. शेजारच्या वेल्डरने विचारलं, "काय खूळ घेतलंस हे?" तर म्हणाला, "बायकोला आत बसवायचंय."

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्याला वेड्यातच काढाल.

मिस्त्री पत्र्याचं काम करायचा आणि त्याची बायको कापडाचं. गाड्यांच्या सीटा, आतलं अस्तर, उघडमिट होणाऱ्या छपरांचे हूड, सगळं ती शिवायची. वीस वर्षं दोघांनी एकाच शेडमध्ये पाठीला पाठ लावून काम केलं आणि दिवसभर भांडण केलं. तो म्हणायचा तुझं कापड सैल, ती म्हणायची तुमचा पत्रा वाकडा. गिऱ्हाइकांची करमणूक व्हायची. मग तिचे सांधे आखडायला लागले. आधी बोटं गेली, मग मान, मग कंबर आणि गुडघे. डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, एकदा आखडलेलं परत पहिल्यासारखं होत नाही, पुढचं जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं. दोन वर्षांपूर्वी ती खुर्चीत बसल्यासारखी झाली ती तशीच राहिली. झोपवली तरी गुडघे वर, उठवली तरी पाठ मागे कललेली. चाकाच्या खुर्चीतून घरात आणि शेडपर्यंत फिरायची. पण गाडीच्या दारातून तिला आत घ्यायचं तर डोकं आत गेलं की गुडघे बाहेर, गुडघे आत गेले की डोकं चौकटीवर. त्यामुळे दोन वर्षं ती कुठे गेलीच नव्हती.

आणि तिला जायचं होतं एकाच ठिकाणी. आईकडे. रस्ता चार तासांचा. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पायांनी अधू, ती काही इकडे येऊ शकत नव्हती. रोज संध्याकाळी फोन करायची. फोनवर दोघी काय बोलायच्या देव जाणे, पण तासभर पुरायचं.

अँब्युलन्सने न्यायचं एकदा ठरलंही होतं. तर बायको ऐकेचना. तिचा धाकटा भाऊ कामावर असताना मशीनखाली आला होता आणि कंपनीच्या गाडीतून त्याला आणला तो आडवा. म्हातारी गाडीचा आवाज ऐकून हसत दारात आली होती, पोरगा सुट्टीवर आला म्हणून. तेव्हापासून दारात कुठलीही गाडी थांबली की म्हातारी आधी आतली बसलेली माणसं मोजते.

"आईच्या दारात मी आडवी जाणार नाही," बायकोने निक्षून सांगितलं. "बसवून न्या. एकदाच न्या, पण बसलेली न्या. जमत नसेल तर नेऊच नका."

यावर वेल्डरने तोडगा काढला. या वेल्डरला सगळे ठिणग्या म्हणायचे, कारण शर्टाला भोकं नाहीत असा त्याचा फोटोही कुणी पाहिलेला नव्हता. ठिणग्याच्या साडूकडे उंच टपाची व्हॅन होती. मागचं दार उघडायचं, फळी लावायची, खुर्चीसकट वर ढकलायची, खुर्ची बांधायची, निघायचं. आठ दिवसांत मिळेल म्हणाला.

"चालेल की," बायको लगेच म्हणाली.

मिस्त्रीचं तोंड उतरलं. "ज्या दाराने गोण्या चढवतात, त्या दाराने तुला चढवायची?"

"अहो, मी बसलेली असले म्हणजे झालं. दार कुठलं का असेना."

"आणि ती व्हॅन चार तास आदळत जाणार. तुझी हाडं कुणी सांभाळायची? नाही. आपली गाडी आहे. वरून उघडी केली की तुला कप्पीने उचलून अलगद आत सोडता येईल, जशी आहेस तशी. सीट तुझ्या मापाची करतो. वर उन्हापावसाला हूड. राणीसारखी जाशील. दोन महिने दे मला."

"बरं," ती म्हणाली. तिला नवरा माहीत होता. ज्याला जे काम येतं त्याला त्याच कामाने सगळं बरं होईल असं वाटतं, आणि मिस्त्रीला तर दुसरं काही येतच नव्हतं. औषध देताना तो अर्धं सांडायचा. तिला कूस बदलून द्यायची वेळ आली की तो ताईला हाक मारायचा. ताई म्हणजे त्याची विधवा थोरली बहीण, वर्षभरापूर्वी मदतीला म्हणून आली ती राहिलीच. पण लोखंडासमोर उभं केलं की या माणसाला सगळं सुचायचं.

मग त्याने बायकोचं माप घेतलं. खुर्चीतून उचलून लाकडी फळीला टेकवली, सरकता गुण्या तिच्या कंबरेला लावून कोन घेतला, डोकं, गुडघा, टाच, सगळ्याच्या खुणा पेन्सिलीने प्लायवूडवर केल्या.

"कपाट करताय का माझं?" ती म्हणाली.

"कपाट परवडलं. कपाट बोलत नाही."

"बोलत नाही म्हणूनच तुमच्या घरातली सगळी दारं कुरकुरतात," ती म्हणाली, आणि ताई तोंडाला पदर लावून हसली. फार दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं. मिस्त्रीला वाटलं, आपण बरोबर मार्गाला लागलोय.

सांगाडा मिळाला तो भंगारातून, दुसऱ्याच एका गाडीच्या हूडचा. पाच कमानी, दोन्ही बाजूंना एकमेकींवर दुमडत जाणाऱ्या पट्ट्या, खाली जाडजूड स्प्रिंगा. पण ती गाडी लहान होती. हिच्यावर ठेवून पाहिला तर रुंदीला चार इंच कमी आणि लांबीला हातभर. रुंदीचं सोपं असतं. कमानी मधोमध कापायच्या आणि तुकडे घालून जोडायच्या. खरं घोडं लांबीपाशी अडतं. हूडच्या सांगाड्याची खोड अशी की एक पट्टी बोटभर वाढवली की तिच्या जोडीची तेवढीच वाढवावी लागते आणि ज्या पिनेवर ती फिरते ती पिनही सरकवावी लागते. नाहीतर छप्पर वर जातं पण खाली येत नाही. किंवा खाली येतं आणि अर्ध्या वाटेत स्वतःलाच अडकून बसतं. शिवाय मिस्त्रीला ते नेहमीपेक्षा मागे दुमडायला हवं होतं, वरून बायको उतरवायला मोकळी जागा राहावी म्हणून. आणि मागची कमान नेहमीपेक्षा उंच हवी होती, कारण बायको मागच्या सीटवर बसणार, पाय पुढे सोडून, पुढची एक सीट काढून टाकलेली.

दोन महिने त्याचे नुसत्या लाकडी पट्ट्यांनी खाल्ले. भिंतीवर प्लायवूडच्या पट्ट्या स्क्रूने जोडून तो खरा सांगाडा बनवण्याआधी खोटा दुमडून बघायचा. दुमडे, अडके, परत मोजी. बाहेरची कामं परत पाठवली. पाच वेळा पिनेची जागा बदलली. छप्पर कापल्यावर गाडीचं अंग मधून खचतं, म्हणून आधी दारांच्या चौकटीत पाइप वेल्ड करून ठेवले, खाली आधाराला नवी लोखंडी चॅनलं घातली, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा पहिल्यापासून मापं घेतली. गाडी जॅकवर असताना घेतलेल्या मापावर त्याचा विश्वास नव्हता. रोज सकाळी, काम सुरू करायच्या आधी, तो दारांच्या फटी मोजायचा. रात्रीतून लोखंड हललं तर?

संध्याकाळी घरी आला की बायकोच्या पलंगाशी बसायचा आणि सगळं सांगायचा. आज तिसरी कमान जोडली. आज डावीकडची पट्टी दीड सूत जास्त झाली. ती डोळे मिटून ऐकायची आणि नेमका प्रश्न विचारायची, कारण हूड तिला त्याच्याइतकेच कळत होते. एवढं बोलणं त्यांच्यात लग्नाच्या पहिल्या वर्षीही झालं नसेल. मिस्त्री खूश होता. चार महिन्यांनी तो जास्तच खूश होता, कारण आता लोखंडी सांगाडा उभा राहत होता.

ताईने एकदा अंगणात गाठून म्हटलं होतं, "अरे, जरा तिच्याकडे बघत जा."

"बघतो की रोज. रोज संध्याकाळी तिच्याशीच बसलेला असतो."

"बसतोस रे. बघ म्हणते मी."

"रविवारी बघतो," तो म्हणाला. कुठला रविवार ते ताईने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

बायकोच्या पाठीमागच्या उशा काढून टाकल्या होत्या हे त्याला दिसलं होतं. पूर्वी तिला टेकून बसवायला तीन उशा लागायच्या, आता एकच पातळशी. त्याला वाटलं, उकाड्यामुळे असेल. खुर्चीत आता ती फार वेळ बसत नव्हती, आणि बसलीच तर ताई खुर्चीची पाठ बरीच मागे पाडायची. त्याला वाटलं, आराम पडत असेल. माणूस एवढा शहाणा आणि एवढा आंधळा एकाच वेळी कसा असतो याचं नवल वाटतं. दाराची फट अर्धा सूत हलली असती तर या माणसाला रात्री झोप लागली नसती.

सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी तिने विचारलं, "मागची कमान अजून चार बोटं वर जाईल का हो?"

"आता?" तो हसला. "आता ती वर घेतली तर दुमडताना मागच्या पत्र्यावर येईल. मग पिन हलवा, पट्ट्या हलवा, सगळं पहिल्यापासून. कशाला? तुझ्या डोक्यावर वीतभर जागा ठेवलीय मी. पंख्यासकट बसशील."

"असू दे. सहज विचारलं."

"शिवणारीला प्रत्येक ठिकाणी ढिलाई हवी असते," तो म्हणाला आणि तिच्या कपाळावर टिचकी मारली. ती हसल्यासारखी झाली.

मग कापडाची वेळ आली. तिची बोटं तर केव्हाच गेली होती. तिने ताईला मशीनवर बसवलं आणि पलंगावरून एकेक टाका सांगितला. ताईने उभ्या जन्मात उशांच्या खोळींपलीकडे काही शिवलं नव्हतं. तीन वेळा उसवून घेतलं तिने वन्संकडून, दया नाही, माया नाही. उचलायची कापडी झोळीही तशीच शिवून घेतली. महिन्याभरात हूड तयार झाला, काळा, ताणून बसवल्यावर एक सुरकुती नसलेला. आठ महिने पुरे होत आले होते.

आणि खरंच, ते छप्पर बघण्यासारखं झालं होतं. पुढचे दोन खटके सोडायचे, एका हाताने धक्का द्यायचा, की पाचही कमानी एकामागून एक दुमडत मागे जाऊन बसायच्या, कुठे खरखर नाही, कुठे घासाघीस नाही. ठिणग्याने वीस वेळा उघडमिट केलं. "मूळ कंपनीला जमलं नसतं," म्हणाला, आणि ठिणग्या कुणाचं कौतुक करणाऱ्यांतला नव्हता. मिस्त्रीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. त्याने स्वतः सासूला फोन करून सांगितलं, "आई, शनिवारी आणतो तुमच्या लेकीला. सकाळी इथे एकदा आत बसवून बघतो आणि तसेच निघतो. बसलेली आणतो, दारात खुर्ची टाकून ठेवा."

शनिवारी सकाळी ताईने खुर्ची ढकलत शेडमध्ये आणली. बायकोने चांगली साडी नेसली होती, केस विंचरलेले होते. खुर्चीची पाठ जवळजवळ आडवी होती. छप्पर दुमडलेलं, इंजिनं उचलायची साखळीची कप्पी बरोबर गाडीवर टांगलेली. झोळी अंगाखाली घातली, चारी कड्या अडकवल्या. मिस्त्रीने साखळी ओढली, कडी कडी करत, आणि ती वर गेली. ठिणग्याने पाय धरले. मग ती गाडीवर आली, आणि मिस्त्री तिला इंच इंच खाली सोडू लागला.

टाचा आधी टेकल्या. मग सीटचा पुढचा काठ तिच्या मांड्यांना लागला. मिस्त्रीने अजून चार कड्या सोडल्या. ती खाली गेली नाही. झोळी सैल पडली आणि ती सीटवर तिरकी, फळी ठेवावी तशी राहिली. टाचा खाली, पाठीचा वरचा कोपरा सीटच्या कडेवर, आणि मधे कंबरेखाली एवढी पोकळी की हात घालावा. ज्या सीटमध्ये ती बसायची होती ती सीट तिच्याखाली रिकामी होती.

"जरा रेटू का?" ठिणग्या म्हणाला.

"नको," ताई ओरडली. "मोडेल ती."

मिस्त्रीला अजूनही कळत नव्हतं. त्याला वाटलं, झोळी कुठे अडकली असेल. ठिणग्याला वाटलं, निदान छप्पर तरी वरून येतं का बघू, म्हणून त्याने मागून सांगाडा वर घेतला. मागची कमान उठली आणि सरळ तिच्या कपाळाच्या दिशेने आली. मिस्त्रीने मधे पंजा घातला. कमान पंजावर आदळली, पंजा तिच्या कपाळावर, आणि ती तिथेच थांबली. मिस्त्रीने वर पाहिलं. कमान बसायला हवी होती त्या रेषेच्या वर तिचं डोकं होतं. किती वर, ते त्याला न मोजता दिसलं. चार बोटं.

त्याने खिशातला गुण्या काढला. हात आपोआपच गेला त्याचा. तिच्या कंबरेला लावला, उघडला, बघितला. आठ महिन्यांपूर्वी खुर्चीत बसलेल्या माणसाचा कोन होता. आता झोपलेल्या माणसाचा झाला होता, थोडाच कमी.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

बायको वर बघत होती. तिला दुसरीकडे बघताच येत नव्हतं. ताई म्हणाली, "चौथ्या महिन्यापासून ताठ व्हायला लागली. आखडली ती उलटीच आखडली. डॉक्टर म्हणाले, होतं असंही."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मी सांगणार होते," ताई म्हणाली. "हिने शपथ घातली."

"का?" त्याने बायकोला विचारलं. "तू का नाही सांगितलंस? मी कमान वर घेतली असती. सगळं परत केलं असतं."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्ही परत केलं असतं, आणि ते होईपर्यंत मी अजून ताठ झाले असते. मग अजून एकदा. तुम्ही माझ्यामागे धावत राहिला असता. मला वाटलं, जेवढी आहे तेवढ्यात एकदा होऊन जाईल. सीटमध्ये सोडली की माझ्याच वजनाने बसेन थोडी. आणि तुम्ही रोज येऊन बोलायचात. आधी कधी बोलत नव्हतात."

मिस्त्री तिथेच गाडीच्या पायरीवर बसला. ठिणग्या खाली बघत होता. त्याला काहीतरी धड बोलायचं होतं आणि नेमकं नको ते तोंडून गेलं. "साडूची व्हॅन अजून आहे," तो म्हणाला. "विचारू का?"

"आता व्हॅनचा काय उपयोग?" ताई म्हणाली. "खुर्चीत तरी कुठे बसतेय ती? आठ महिन्यांपूर्वी बसली असती." मग तिने जीभ चावली. पण ते खरं होतं, आणि शेडमधल्या चौघांनाही ते माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी ती आठ दिवसांत आईच्या दारात पोचली असती, गोण्यांच्या दाराने का होईना, बसलेली.

तिला परत वर उचलली, खुर्चीत घेतली, घरी नेली. चांगली साडी ताईने सोडवली. दुपारी कुणी जेवलं नाही. मिस्त्री एकदा शेडमध्ये गेला, छप्पर वर घेतलं, खटके लावले आणि परत आला. घरी आल्यावर पलंगाशी खुर्ची ओढून बसला, पण आज त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं. तिचा हात हातात घ्यावा असं त्याला फार वाटत होतं. तिची बोटं दुखतात की नाही, कुठे धरलं तर दुखत नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं. ताईला विचारायची लाज वाटली.

मग फोन वाजला. ताईने तो बायकोच्या कानाशी उशीवर ठेवला. म्हातारी मोठ्याने बोलायची, त्यामुळे खोलीभर ऐकू यायचं.

"अगं, आहात कुठे? सकाळपासून दारात बसलेय मी."

"नाही जमलं गं आज," बायको म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. "छपराचं राहिलंय अजून. मागची कमान चुकलीय यांच्याकडून."

"बाई गं. आठ महिने झाले की."

"होईल. थोडं राहिलंय."

"दे बघू त्यांना."

ताईने फोन मिस्त्रीकडे दिला. बायको छताकडे बघत होती. तीस वर्षांत मिस्त्रीचं माप चुकलं असं कुणी म्हणालेलं नव्हतं, आणि कुणी म्हणालं असतं तर त्याने त्याला शेडबाहेर काढला असता.

"काय हो जावईबापू," म्हातारी म्हणाली, "लोकांच्या एवढ्या गाड्या केल्यात, आणि माझ्या लेकीचं एक छप्पर होईना तुमच्याच्याने?"

"चुकलं, आई," मिस्त्री म्हणाला. "माझं माप चुकलं."

"चुकलं तर चुकलं. त्यात एवढं रडवेलं व्हायला काय झालं?" म्हातारीचा आवाज नरमला. "सावकाश करा. परत घ्या माप. ती काय, तिथेच तर आहे, कुठे पळून चाललीय?"

"हो," मिस्त्री म्हणाला.